घरी लिंबू-संत्री वाढवताना: मुळापासून फळापर्यंत

घरी लावलेले लिंबाचे झाड पाण्यावाचून क्वचितच मरते. बहुतेक वेळा ते मरते मुळांना हवा न मिळाल्यामुळे. लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस, कुमकाट ही सारी एकाच कुळातली. त्यांच्या मुळांवर केशमुळे फार कमी असतात, त्यामुळे जमिनीतले अन्न उचलायला ती मुळांवर वाढणाऱ्या उपयोगी बुरशीवर बरीच अवलंबून असतात. अन्न घेणारी बारीक तंतुमय मुळे वरच्या ३० ते ४५ सेंटीमीटर थरातच पसरतात. हा थर सतत ओला राहिला की मुळे गुदमरतात, मुळांवरची उपयोगी बुरशी मरते आणि सडवणारी बुरशी शिरते. पाने पिवळी पडतात, फुले गळतात, शेंडे वाळतात. लोक पाने बघून खत घालतात आणि झाड आणखी खंगते. म्हणून या लेखात खताआधी माती येते आणि फवारणीच्या आधी पाणी.

रोप निवडताना

बी लावून झाड वाढवायचे की कलम आणायचे, हे आधी ठरवा. बियांपासून कागदी लिंबाला फळ यायला साधारण ३ ते ६ वर्षे लागतात. संत्र्याला ७ ते १० आणि कधी त्याहून जास्त. कलमी झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळाला येते. फळासाठी झाड हवे असेल तर कलमच घ्यावे.

बी लावणे वाया जाते असे मात्र नाही. या कुळातल्या पुष्कळ जातींच्या एका बीमधून दोन-तीन रोपे उगवतात आणि त्यांतली बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेली, म्हणजे हुबेहूब आईसारखी असतात. पपनस याला अपवाद आहे: त्याच्या बीतून एकच रोप येते आणि ते आईसारखे निघेलच असे नाही. फळातून काढलेले बी वाळू देऊ नका, वाळले की त्याची उगवण झपाट्याने घटते. धुऊन लगेच १ ते १.५ सेंटीमीटर खोल पेरा. २५ ते ३० अंश तापमानात ते दोन ते चार आठवड्यांत उगवते. अशी रोपे पुढे खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम करतात ते मुळांकडचे झाड म्हणून, कामाला येतात.

कलम घेताना खोडावरचा जोड शोधा. डोळा भरलेल्या (खुंटावर दुसऱ्या जातीचा डोळा बसवून कलम केलेल्या) झाडात साधारण १५ ते २० सेंटीमीटर उंचीवर किंचित बाक किंवा सालीच्या पोतात फरक दिसतो. जोड सापडलाच नाही आणि अंगभर लांब काटे असतील तर ते बियाणाचे रोप समजा. पिशवी उचलून तळ बघा. जाड मुळे तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप सोडून द्या. फळे लगडलेले छोटे रोप बघून भुलू नका. त्या फळांनी त्याची सगळी ताकद खाल्लेली असते.

कुंडीसाठी सर्वांत सोयीची झाडे म्हणजे कॅलमोंडिन, कुमकाट, मेयर लिंबू आणि कागदी लिंबू. पपनस आणि ग्रेपफ्रूटला जमीनच हवी. थंडी पडत असेल तर लक्षात ठेवा की कागदी लिंबू सर्वांत नाजूक आहे, शून्याच्या थोडे खाली गेले तरी त्याला इजा होते. कुमकाट मात्र शून्याखालचे काही अंश सोसते.

कुंडी आणि मिश्रण

छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देणे ही फार नेहमीची चूक. जिथे मुळे पोचलेली नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि आंबते. २५ ते ३० सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीपासून सुरुवात करा आणि दर वेळी ५ ते ८ सेंटीमीटरनेच वाढवा. मोठ्या झाडाला शेवटी ४५ ते ६० सेंटीमीटरची कुंडी पुरते. तळाला १२ ते १५ मिलिमीटरची किमान चार-पाच भोके असावीत आणि कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे भोके फरशीला चिकटत नाहीत.

तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारतो हा जुना समज चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. मातीचा खालचा थर पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहते. म्हणजे खडी घातल्याने ओला चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर जाळीचा एक तुकडा पुरेसा आहे.

मिश्रण मापाने असे करा: ३ भाग भुसभुशीत माती, ३ भाग भरड पदार्थ (जाड वाळू, परलाइट, नारळाच्या सालीचे तुकडे किंवा विटांचा ५ ते ८ मिलिमीटरचा चुरा), २ भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि १ भाग कोकोपीट. बांधकामाची बारीक वाळू नको, ती मातीच्या फटी भरून टाकते. कोकोपीट दोन-तीन वेळा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. माती चिकण असेल तर तिचा भाग निम्मा करा. मिश्रणाचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. ७ पर्यंत चालून जाते, त्यावर लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही.

कुंडी भरून झाली की त्यात २ लीटर पाणी ओता. एक-दोन मिनिटांत वरचे पाणी मुरून खालून वाहू लागले पाहिजे. तसे झाले नाही तर लावण्याआधीच मिश्रणात भरड वाढवा.

जमिनीत लावणार असाल तर ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा पातळी तासाला २.५ सेंटीमीटर किंवा जास्त उतरली तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खड्डा बुजवा आणि ३० ते ४५ सेंटीमीटर उंच, दीड मीटर रुंद वरंबा करून त्यावर झाड लावा. चिकणमातीत खड्ड्यात खत-माती भरून लावलेले झाड म्हणजे हौदात उभे केलेले झाड.

लावणी

रोपाला आदल्या दिवशी पाणी द्या. पिशवी कापून काढा आणि मुळांचा गोळा नीट बघा. रोपवाटिकेतल्या पिशवीत बहुधा चिकट माती असते. तिचा घट्ट गोळा तसाच हलक्या मिश्रणात बसवला तर बाहेरचे वाळते आणि आतला गोळा एक तर ओलाच राहतो किंवा एकदा सुकला की पाणीच शोषत नाही. म्हणून गोळ्याच्या बाजूंची आणि खालची एक-दोन सेंटीमीटर माती बोटांनी किंवा पाण्याच्या बारीक धारेने सोडवा, म्हणजे मुळांची टोके नव्या मिश्रणाला भिडतील. गोल फिरलेली मुळे धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापा.

रोप पिशवीत होते त्याच पातळीवर, किंबहुना बोटभर वरच बसवा, कारण मिश्रण पुढे दबते. कलमाचा जोड मातीच्या किमान १० ते १५ सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. जोड गाडला गेला तर वरच्या जातीच्या खोडाला ओल लागून डिंक्या रोग होतो, म्हणजे खोडातून डिंक पाझरू लागतो. कुंडीचा काठ मातीपेक्षा ४ सेंटीमीटर वर ठेवा. लावताना रासायनिक खत घालू नका. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर काढा, ती खोडात रुतते.

आधी सावलीत वाढलेले रोप थेट कडक उन्हात ठेवले की पाने पांढुरकी भाजतात. आठ-दहा दिवसांत उन्हाचे तास हळूहळू वाढवा. शेवटी त्याला दिवसाला ६ ते ८ तास ऊन हवे. चार तासांत झाड जगते, पण फळाची आशा धरू नये. कुंडीच्या बाजूवर थेट ऊन पडू देऊ नका, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कडेची मुळे अक्षरशः शिजतात. पुढे लहान कुंड्या ठेवून किंवा पोत्याने गुंडाळून कुंडीला सावली करा आणि पाने उन्हात राहू द्या.

पाणी

वेळापत्रक ठेवून पाणी देऊ नका. तर्जनी ५ सेंटीमीटर खोल मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडे लागले तर द्या. कुंडी उचलण्याजोगी असेल तर भरपूर पाणी दिल्यावर एकदा आणि दोन दिवसांनी पुन्हा किंचित उचलून वजनाचा अंदाज हाताला होऊ द्या. आठवड्याभरात हा अंदाज बोटापेक्षा भरवशाचा होतो.

द्याल तेव्हा मात्र भरपूर द्या, ओतलेल्यातले दहावा हिस्सा तरी पाणी खालून निघेपर्यंत. रोज पेलाभर पाणी देण्याने वरचा थर चिखल होतो, खालची मुळे कोरडी राहतात आणि खतांचे व पाण्यातले क्षार कुंडीतच साचतात. पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपणे ही या क्षारांची खूण. असे दिसले तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. खालच्या ताटलीत निचरलेले पाणी अर्ध्या तासात फेकून द्या.

कधी पाणी ओतताच ते कडेने सरळ खाली वाहते आणि झाड तरीही कोमेजलेले असते. गोळा इतका वाळला की तो पाणी धरत नाही. कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढा.

आणि याच्या उलट प्रकार जास्त घातक. माती ओली आहे, तरी पाने मान टाकतात. इथे मुळे सडलेली असतात, म्हणून ती पाणी उचलत नाहीत. आणखी पाणी दिले की झाड संपले. अशा वेळी झाड कुंडीबाहेर काढा. निरोगी मूळ घट्ट आणि फिकट पिवळसर असते. सडलेल्या मुळाची तपकिरी साल चिमटीत धरून ओढली की निसटते आणि मध्ये दोरा उरतो. सडके सगळे कापा, उरलेल्या मुळांच्या मानाने लहान कुंडीत ताज्या मिश्रणात लावा, फांद्या तिसरा हिस्सा कमी करा, एकूण एक फळ काढा आणि झाड उजेडाच्या सावलीत ठेवा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही. माया म्हणून घातलेले खतही नाही.

जमिनीतल्या झाडाला दुहेरी आळे करा. खोडाभोवती २० ते ३० सेंटीमीटरवर मातीचा आतला बांध आणि फांद्यांच्या घेराच्या किंचित बाहेर दुसरा. पाणी या दोन बांधांच्या मध्ये सोडा, खोड कोरडे ठेवा. डिंक्या टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. झाडाचा घेर वाढेल तसा बाहेरचा बांध सरकवत न्या. पालापाचोळ्याचे आच्छादन ५ ते ८ सेंटीमीटर जाड करा आणि तेही खोडापासून १५ सेंटीमीटर दूर.

थंडीत घरात घेतलेल्या झाडांची पाने एकाएकी गळतात, त्याचेही कारण मुळांशीच आहे. माती १२-१३ अंशांच्या खाली गेली की मुळांचे काम जवळपास थांबते. खिडकीतल्या उन्हाने पाने मात्र तापतात आणि पाणी मागतात. मागणी पुरी होत नाही म्हणून झाड पाने टाकते. कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा, पाणी कोमट द्या, थेट ऊन थोडे अडवा. थंडीच्या माऱ्यानंतर पाने गळून पडली तर फांदी बहुधा जिवंत असते, वाळलेली पाने चिकटूनच राहिली तर ती मेलेली असण्याचा संभव जास्त. नखाने साल खरवडा: खाली हिरवे दिसले तर थांबा, घाईने छाटू नका.

खत, आणि पाने काय सांगतात

या झाडांना नत्र जास्त लागते. कुंडीतल्या झाडाला वाढीच्या काळात दर १५ दिवसांनी १९:१९:१९ सारखे विद्राव्य खत लीटरला १ ग्रॅम, ओल्या मातीवरच द्या. त्यात सूक्ष्म अन्नद्रव्ये नसतील तर महिन्यातून एकदा वेगळी द्या. शेणखत-गांडूळखतावरच वाढवायचे असेल तर दर दोन महिन्यांनी वरची ३ सेंटीमीटर माती खरवडून तेवढेच खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. झाड सुप्त असते तेव्हा खत बंद.

जमिनीतल्या झाडाला पहिल्या वर्षी एकूण १०० ग्रॅम नत्र (युरियाच्या हिशेबात सुमारे २२० ग्रॅम), पुढे दर वर्षी तेवढेच वाढवत पाच-सहा वर्षांनी ५०० ते ६०० ग्रॅमवर थांबा. ते तीन-चार हप्त्यांत, घेराच्या कडेखाली, खोडापासून दूर टाका आणि लगेच पाणी द्या.

पाने पिवळी दिसली की कोणती पाने, जुनी की नवी, हे आधी बघा. जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पण देठाशी हिरवा त्रिकोण शिल्लक असेल तर मॅग्नेशियम कमी: मॅग्नेशियम सल्फेट लीटरला ५ ते १० ग्रॅम फवारा. नवी पाने पिवळी आणि त्यावर शिरांचे बारीक हिरवे जाळे असेल तर लोह. नवी पाने लहान, अरुंद, शिरांमध्ये पिवळे ठिपके असतील तर जस्त: झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरवलेला चुना २.५ ग्रॅम एक लीटर पाण्यात, गाळून फवारा. चुना वगळला तर कोवळी पाने करपतात. लोहासाठी चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह) वापरा, पण सामू ६.५ च्या वर असेल तर इडीटीए प्रकारातले लोह मातीत टिकत नाही, तिथे इडीडीएचए प्रकार घ्या. एक सावधगिरी: ओल्याकच्च मातीतली गुदमरलेली मुळेही हुबेहूब लोहाच्या कमतरतेची पाने दाखवतात. बाटली उघडण्याआधी बोट मातीत घाला.

फुले, गळ, फळे

संत्र्याच्या झाडावर आलेल्या फुलांपैकी शेकडा एक-दोनच शेवटपर्यंत फळ होतात. वाटाण्याएवढी फळे गळाली म्हणून घाबरू नका, झाड आपल्या पानांच्या हिशेबाने ओझे कमी करते. गोटीएवढी झाल्यावरची गळ मात्र पाण्यातल्या चढउताराने होते. बहुतेक जातींना दुसऱ्या झाडाचे पराग लागत नाहीत, घरात वारा-मधमाशी नसेल तर फांदी हलकेच हलवली तरी पुरते.

झाड हिरवेगार आहे पण फुलत नाही, याची कारणे तीन: ऊन कमी, नत्र जास्त किंवा विश्रांती नाही. थंडी किंवा पाण्याचा ताण मिळाल्यावर ही झाडे फुलोरा धरतात. कुंडीतल्या निरोगी, तीन वर्षांवरच्या झाडाला पाने किंचित वळेपर्यंत पाणी तोडून मग भरपूर पाणी देता येते. आजारी किंवा फळे धरलेल्या झाडाला ताण देऊ नये.

पहिल्या वर्षीची सगळी फळे काढून टाका. दुसऱ्या वर्षी तीन-चार ठेवा. कोरडे आणि ओले यांत माती हेलकावत राहिली तर पिकताना फळे तडकतात. साल जाड आणि रस कमी असेल तर बहुधा नत्र जास्त झाले आहे, कोवळ्या झाडावर हे आपोआपही घडते. तोडल्यानंतर ही फळे पिकत नाहीत, गोडी झाडावरच भरते. सालीच्या रंगावर विसंबू नका: रात्री गार नसतील तर गोड संत्रेही हिरवेच राहते. एक फळ कापून चाखा. तोडताना ओढू नका, देठ सिकेटरने फळालगत कापा. ओढल्याने साल फाटते आणि फळ लवकर सडते.

किडी आणि रोग

कोवळ्या पानांवर वेड्यावाकड्या चंदेरी रेघा म्हणजे नागअळी. मोठ्या झाडाची अशी पाने तोडू नका, ती अजून अन्न तयार करतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी होऊन हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. लहान रोप ती दोन-तीन दिवसांत बोडके करते, हाताने वेचा. पाने चिकट आणि काळपट झाली तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे. मुंग्या चढत असतील तर त्या या किडींची राखण करत असतात. खोडाला आधी कागदाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. निंबोळी तेल ५ मिलिलीटर आणि सौम्य साबण १ ते २ मिलिलीटर लीटरभर पाण्यात घुसळून, पानांच्या खालून, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. ३२ अंशांच्या वर किंवा तहानलेल्या झाडावर तेल फवारले तर पाने जळतात.

पाने-फळांवर पिवळ्या वलयाचे खरखरीत तपकिरी फोड म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूजन्य आहे, जखमांतून शिरतो. रोगट फांद्या कोरड्या दिवशी कापून जाळा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लीटरला ३ ग्रॅम फवारा. खोडातून डिंक पाझरत असेल तर रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लीटर पाणी, प्लॅस्टिकच्या भांड्यात. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंना पिवळे डाग एकसारखे नसून वेगवेगळे, फळे वाकडी आणि कडवट असतील तर ग्रीनिंग या रोगाचा संशय धरा. सिला नावाची छोटी कीड तो पसरवते. त्यावर इलाज नाही. झाड काढून टाकणे वाईट वाटते, पण शेजारची झाडे वाचवायची असतील तर तेच करावे लागते.

छाटणी

फार नको. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे दिसताक्षणी बोटाने मोडा. पानाला तीन पर्णिका असतील तर तो हमखास खुंटाचा फुटवा. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि सरळ वर सुटलेल्या पाणसोट फांद्या काढा. खालच्या फांद्या उगाच कापून खोड उघडे पाडू नका. साल पातळ असते, उन्हाने भाजते. उघडे पडलेच तर चुना लावा. दर दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढून मुळांचा बाहेरचा २ ते ३ सेंटीमीटर थर कापा, ताजे मिश्रण भरा आणि त्याच वेळी फांद्याही त्या मानाने कमी करा.

याच हाताने इतर फळझाडे

पेरू आणि अंजिराला फळ नव्या फुटीवर येते, म्हणून त्यांना धीटपणे छाटता येते आणि म्हणूनच ती कुंडीत लिंबापेक्षा सोपी. आंब्याला मोहर पक्व शेंड्यांवर येतो. छाटणी फळे उतरल्यावर लगेच करा, उशीर केला की कोवळे शेंडे त्या हंगामात मोहर धरत नाहीत. डाळिंब आणि पेरूची गुटी कलमे घरीच होतात: बोटाएवढ्या जाड फांदीवरची २ ते ३ सेंटीमीटर रुंद साल गोल काढा, ओले शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा, साधारण दोन महिन्यांत मुळे दिसली की खालून कापून सावलीत लावा. सफरचंदाला बहुतेक जातींत हिवाळ्यात ७ अंशांखालचे ८०० ते १,००० तास आणि शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते. उबदार हवेत ‘अ‍ॅना’सारखी कमी थंडीवर फुलणारी जातच निवडा. पपईच्या बियांवरचे बुळबुळीत आवरण चोळून काढा आणि एका जागी तीन-चार बिया पेरा. तिला उपटून लावणे सोसत नाही. फुले आली की देठांच्या लांब झुबक्यात लोंबणारी नर झाडे काढा, खोडालगत एकेकटे मोठे फूल धरणारे झाड ठेवा. केवळ मादी झाडे उरली तर मात्र एखादे नर झाड राहू द्यावे लागते.